मामूंची चाल



रोवणी आटोपली आणि लाखनीत लोकांना जरा उसंत मिळाली. अशाच एका संध्याकाळी, मगरिबनंतर, ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. चहा झाला, पावसाचं झालं, धानाच्या भावाचं झालं, तरी माणूस उठेना. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "सर, मुलीसाठी रिश्ता आला आहे. मुलगा चांगला, आयटीआय झालेला, नागपुरात नोकरीला. घर शरीफ. पण मुलाचे अब्बा भिंत धरून चालतात. बोलतानाही जीभ जड वाटते. त्यांचे वडीलही शेवटी असेच झाले होते म्हणे. विचारलं तर सांगतात, गुडघ्यांचा त्रास आहे. तुम्ही इतकी वर्षं विज्ञान शिकवलंत. सांगा, देऊ का मुलगी?"

मी लगेच काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमचे मामू उभे राहिले.

आजोळ आमचं साकोलीकडच्या एका खेड्यात. मामू शेतकरी, पाच वेळचे नमाजी, गावात कुणाशी तंटा नाही. पस्तिशी ओलांडली आणि त्यांची चाल बिघडली. धानाच्या बांधीतल्या धुऱ्यावरून लहानपणापासून चालणारा माणूस, पण आता पाय धुऱ्यावर न पडता चिखलात पडायचा. चहाची बशी ओठांपर्यंत नेताना अर्धा चहा कुर्त्यावर सांडायचा. मग शब्द जड झाले, अडखळू लागले. लोक काय म्हणाले असतील? तेच, जे लोक म्हणतात. "मौलानांच्या पाठीमागे नमाज पढतो आणि रात्री बाटली लावतो."

ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याला गावाने दारूडा ठरवलं. एका जुम्म्याला सफमध्ये त्यांच्या शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन उभा राहिला. त्यानंतर मामू मशिदीत गेले नाहीत, घरीच खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. मुमानीने ताईत बांधले, कुणी नजर लागली म्हणालं, कुणी करणी म्हणालं. एका जाणत्या बाईने तर मुमानीलाच ऐकवलं, "तू घरात आलीस आणि घर बसलं." त्यांच्या थोरल्या मुलीचा ठरलेला रिश्ता दोनदा परत गेला. मामू गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. त्यांना नेमका कोणता आजार होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण कुणी नीट तपासलंच नाही. एवढं मात्र आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की नानाही म्हातारपणी तसेच चालायचे. घरात सगळ्यांना ठाऊक, आणि घराबाहेर कुणी एक शब्द काढला नाही.

या महिन्यात मी तुम्हाला एका डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे. त्यांनी मामूंसारख्याच चालीच्या माणसांकडे नीट पाहिलं, त्यांच्या घरच्यांना नीट विचारलं, आणि आपल्या मुंबईत बसून जगाला एक नवा आजार ओळखायला शिकवलं.

त्यांचं नाव डॉ. नोशिर होरमसजी वाडिया. जन्म १९२५ चा, सुरतचा, पारशी घरातला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तिथे मेंदू आणि मज्जातंतूंच्या विकारांचा अभ्यास केला. त्या काळात असा हुशार डॉक्टर तिकडेच राहून गेला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. वाडिया १९५७ साली परत आले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला.

जे. जे. म्हणजे गरिबांचं रुग्णालय. भायखळा, नागपाडा, मदनपुरा अशा वस्त्यांना लागून असलेलं. तिथे सगळ्या जातीधर्मांचे, मुंबईचे आणि मुंबईबाहेरून आलेले रुग्ण रांगेत बसतात. तेव्हा मेंदूचा फोटो काढणारं यंत्र नव्हतं. सीटी स्कॅन पहिल्यांदा एका रुग्णावर वापरला गेला तो १९७१ च्या ऑक्टोबरात, लंडनमध्ये. जनुक तपासण्याची सोय तर स्वप्नातही नव्हती. डॉक्टरजवळ असायची हातोडी, विजेरी, टाचणी आणि स्वतःचे डोळे-कान.

तोल जाणारे रुग्ण वाडियांकडे येत. तोल सांभाळण्याचं काम मुख्यतः लहान मेंदू करतो. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर तो असतो. पाय कुठे टाकायचा, हात किती पुढे न्यायचा, जीभ कशी वळवायची, हे सगळं तो मोजूनमापून चालवतो. त्याच्या पेशी झिजू लागल्या की चाल फाकते, हात थरथरतो, बोलणं लडबडतं. दारूने तात्पुरतं जे होतं, तेच इथे कायमचं होतं. म्हणून अशा रुग्णाला लोक दारूडा समजतात. घराण्यात चालणारे असे आजार पाश्चात्य पुस्तकांत नोंदलेले होते. पण वाडियांना काही रुग्णांत एक वेगळी गोष्ट दिसली. त्यांचे डोळे मंद हलत होते.

हे जरा समजून घेऊ. आपण डावीकडची वस्तू पाहून उजवीकडच्या वस्तूकडे नजर नेतो तेव्हा डोळा सरकत जात नाही, उडी मारतो. निमिषात इकडून तिकडे. या रुग्णांचा डोळा मात्र उडी मारू शकत नव्हता. बैलगाडी चढाला लागावी तसा तो हळूहळू सरकत जाई. काहींना आधी मान वळवावी लागे, मग नजर मागून येई. डोळ्याला ही उडी मारायला लावणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात असतात. म्हणजे बिघाड फक्त लहान मेंदूत नव्हता, आणखी खोल होता. आजार वेगळा होता.

एका रुग्णावरून कुणी नवा आजार ठरवत नाही. वाडियांनी घराणी शोधली. रुग्णाच्या भावाबहिणींना पाहिलं, कोणत्या पिढीत कोण आजारी, कोण चांगलं, याची नोंद केली. अशा ९ कुटुंबांची माहिती त्यांनी आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी १९७१ साली 'ब्रेन' या इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात छापली. तोल जाणारा, पिढ्यांमधून चालणारा, आणि डोळ्यांची चाल मंद करणारा एक वेगळा आजार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या ९ घरांचा मी नेहमी विचार करतो. विजेरी डॉक्टरची होती, पण माहिती त्या घरांची होती. "माझे वडीलही असेच पडायचे," हे वाक्य कुणीतरी मोठ्याने बोललं असेल. "माझ्या बहिणीलाही सुरू झालंय, पण तिच्या सासरी सांगू नका," असंही कुणी हळूच म्हणालं असेल. ही वाक्यं बोलली गेली नसती तर वाडियांचं सगळं शिक्षण कागदावर राहिलं असतं. आमच्या आजोळी ती वाक्यं कुणी बोललं नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. आजार ओळखला, पण तो होतो कशामुळे? याचं उत्तर यायला आणखी २५ वर्षं लागली, आणि त्यासाठी जगभरचे लोक राबले.

आपल्या प्रत्येक पेशीत शरीराचं सगळं टिपण असतं, चार अक्षरांत लिहिलेलं. त्यातल्या एकेका कामाच्या मजकुराला जनुक म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक अम्मीकडून आलेली, एक अब्बांकडून. काही जनुकांमध्ये एका ठिकाणी तीच तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात, दोऱ्यात एकसारखे मणी ओवल्यासारखी. ठरावीक मण्यांपर्यंत काही बिघडत नाही. मणी फार वाढले की त्या जनुकावरून बनणारं प्रथिन वेडंवाकडं होतं, पेशीत साचतं, आणि वर्षानुवर्षं हळूहळू पेशींना मारतं.

तोल घालवणाऱ्या आजारांपैकी पहिल्याचं जनुक १९९३ साली सापडलं. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक होत्या डॉ. हुदा झोगबी. त्या बैरूतच्या. तिथे डॉक्टरीचं शिक्षण सुरू केलं आणि लेबनानमध्ये यादवी पेटली. त्या अमेरिकेत गेल्या, तिथेच शिक्षण पुरं करून ह्यूस्टनला लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर झाल्या. मिनेसोटाचे संशोधक हॅरी ऑर यांच्याबरोबर त्यांनी हे जनुक शोधलं. पुढे त्यांनी आणखी एका आजाराचं मूळ सापडवलं. चांगल्या चालत्याबोलत्या लहान मुली दीड-दोन वर्षांच्या होताच बोलणं आणि हातांचा वापर गमावून बसतात, तो हा आजार. अशी पहिली मुलगी त्यांनी १९८३ साली पाहिली, जनुक हाती लागलं १९९९ साली. मधली १६ वर्षं लोक विचारत असतील, बाई, कशाच्या मागे लागलात?

वाडियांनी ओळखलेल्या आजाराचं जनुक १९९६ साली सापडलं, तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षी शोधलेलं. ते बाराव्या गुणसूत्रावर आहे. निरोगी माणसात तिथे साधारण २२ मणी असतात. ३३ च्या पुढे गेले की आजाराची शक्यता सुरू होते. क्यूबातल्या ओल्गीन प्रांतात या आजाराची पुष्कळ घराणी आहेत, त्यांच्या सहकार्याने जनुकाचा पत्ता लागायला मोठी मदत झाली. पाहा, तिथेही कामाला आली ती घराणीच.

आणि वाडिया? तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले, जसलोक रुग्णालयात काम करत होते. नवी जनुक-तपासणी आली तशी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतातली ६ घराणी तपासली. १९९८ साली त्याच 'ब्रेन'मध्ये निष्कर्ष छापला: हाच तो आजार, आणि डोळ्यांची मंद चाल ही त्याची मोठी खूण. पहिल्या लेखापासून हा लेख २७ वर्षांनी आला. आपण तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं ते खरं होतं का, हे त्यांनी म्हातारपणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. सरकारने २०१२ साली त्यांना पद्मभूषण दिला. २०१६ साली मुंबईत ते गेले.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण या माहितीचा उपयोग तिथेच आहे.

पहिली गोष्ट. या आजारात बिघडलेली एक प्रत पुरते. आई किंवा वडील, कुणा एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं, आणि प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडतं. मुलगा-मुलगी असा भेद नाही. ज्याच्या वाट्याला चांगली प्रत आली, त्याच्याकडून आजार पुढे जात नाही. त्याच्या घरापुरती साखळी तिथेच तुटते. माझी अम्मी मामूंची सख्खी बहीण. ऐंशीच्या घरात गेली, शेवटपर्यंत ताठ चालत. मामूंचा आजार या जातीचा असेल, तर तिच्या वाट्याला चांगली प्रत आली असणार.

म्हणजेच सुनेच्या पायगुणाने घर बसलं, हे धादांत खोटं. मुमानी बिचारी दुसऱ्या घरातून आली होती. तिला आयुष्यभर जे ऐकावं लागलं त्याची माफी मागायला आज कुणी उरलं नाही.

दुसरी गोष्ट. पिढी पुढे सरकते तसे मणी वाढू शकतात, विशेषतः वडिलांकडून आले तर. मणी जास्त तितका आजार लवकर. म्हणून नानांना म्हातारपणी आणि मामूंना पस्तिशीत, असं एकाच घराण्यात घडू शकतं. लोक याला शाप म्हणतात. तो हिशेब आहे, आणि हिशेब कळला की भीतीला आकार येतो.

तिसरी गोष्ट, नात्यातल्या लग्नाची. हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो फक्त आपला नाही. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. वाडियांच्या या आजाराचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. अगदी परक्या घरात लग्न केलं तरी शक्यता निम्मीच. पण दुसऱ्या प्रकारचे आजार आहेत, ज्यांत दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. आपल्या भंडारा जिल्ह्यात सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो, कारण ती एकाच आजोबा-आजीकडून आलेली असू शकते. मेंदूचे, बहिरेपणाचे, दृष्टीचे कितीतरी आजार या प्रकारचे आहेत. घराण्यात असं एखादं मूल असेल तर त्याच घराण्यात पुन्हा रिश्ता जोडण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा.

यातला एक आजार मुद्दाम सांगतो, कारण त्यावर औषध आहे. विल्सनचा आजार. शरीरातलं जादा तांबं बाहेर पडत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साचतं. शाळकरी किंवा तरुण मुलाला वारंवार कावीळ, हात थरथरणं, लाळ गळणं, अक्षर बिघडणं, स्वभाव एकदम बदलणं, असं काहीही दिसू शकतं. बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसतं, ते डोळ्यांचे डॉक्टर यंत्रातून पाहतात. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ सालीच भारतातल्या १६ कुटुंबांत या आजाराचा अभ्यास छापला होता. वेळेवर ओळखला तर गोळ्यांनी तो आवरता येतो. मात्र गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. एका मुलात निघाला तर त्याच्या सख्ख्या भावाबहिणींची तपासणी करायलाच हवी, ती ठणठणीत दिसत असली तरी. इथे गप्प बसणं म्हणजे वाचू शकणारं मूल हातचं घालवणं.

चौथी गोष्ट. तोल जाणारा प्रत्येक माणूस घराण्याचा आजार घेऊन येत नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मिरगीची काही औषधं, मेंदूतली गाठ, अशी पुष्कळ कारणं असतात आणि त्यांतली काही बरी होतात. तोल एकाएकी गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं, तर तो झटका असू शकतो. तेव्हा क्षणभरही न थांबता दवाखाना. आणि हा लेख वाचून घरात कुणाच्या डोळ्यांपुढे बोट नाचवून निदान करू नका. ते डॉक्टरचं काम.

पाचवी गोष्ट सांगायला जड आहे. वाडियांच्या आजारावर मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. संशोधन चालू आहे. कुणी जाहिरात करून, लाखो रुपये घेऊन, पेशी टोचून पूर्ण बरं करतो म्हणत असेल तर पैसे आणि माणूस दोन्ही सांभाळा. पण औषध नाही म्हणजे करण्यासारखं काही नाही, असं नव्हे. नियमित व्यायामोपचाराने चालणं जास्त काळ टिकतं. मोरीत आणि वुजूच्या जागी धरायला दांडा, घसरणार नाही अशी फरशी, गिळताना ठसका लागत असेल तर घट्टसर पातळ अन्न, बसून नमाजची सवलत आणि मशिदीत पहिल्या सफमध्ये एक खुर्ची. मामूंना हे सगळं मिळू शकलं असतं. यातलं काहीही महाग नव्हतं.

तपासणीचं काय? रक्ताची जनुक-तपासणी होते. आजाराची लक्षणं असलेल्याची तपासणी आधी करतात, म्हणजे कोणतं जनुक पाहायचं ते कळतं. निरोगी मुलाने पुढे मला होईल का हे पाहायचं की नाही, हा त्याचा स्वतःचा निर्णय, आणि तोही सज्ञान झाल्यावर, समुपदेशकाशी बोलून. काहींना कळून मोकळं वाटतं, काहींना न कळणं बरं वाटतं. दोघंही बरोबर. रिश्त्यासाठी कुणाच्या अंगावर तपासणी लादू नये. आणि जनुक आढळलं म्हणजे माणूस आजारी झाला असं नाही. त्याच्यापुढे कामाची, संसाराची कितीतरी वर्षं असू शकतात.

मग त्या गृहस्थांना मी काय सांगितलं?

मी म्हणालो, "भाईसाहेब, हो किंवा नाही मी सांगणार नाही. तुम्ही त्यांच्याकडे पुन्हा जा, पण पंच म्हणून जाऊ नका. त्यांच्या अब्बांजवळ बसा आणि आमच्या मामूंची गोष्ट सांगा. मग विचारा."

ते गेले. आठ दिवसांनी परत आले. म्हणाले, "सर, आधी घरातली माणसं रागावली. पण मुलाचे अब्बा स्वतःच म्हणाले, यांना बसू द्या. मी पडतो तेव्हा लोक काय बोलतात ते मला ऐकू येतं. आजवर मला कुणी विचारलंच नाही, सगळे माझ्याबद्दल दुसऱ्यांना विचारतात."

मुलगा वडिलांना घेऊन नागपूरला मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. आजवर कुणी त्यांना गुडघ्यांच्या डॉक्टरांपलीकडे नेलंच नव्हतं.

मी विचारलं, "आणि तुमच्या मुलीला विचारलंत का?"

ते जरा ओशाळले. "विचारलं. ती म्हणाली, आधी त्यांच्या अब्बांचं काय ते पाहू द्या, अब्बू. मला जे ठरवायचं ते खरं कळल्यावर ठरवेन. खोट्यावर नाही."

रिश्ता अजून ठरलेला नाही, मोडलेलाही नाही. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. पण निकाह म्हणजे दोन माणसांचा करार, आणि करारात माहिती लपवून ठेवायची नसते, हे त्या मुलीला आपल्यापैकी पुष्कळांहून जास्त कळलं आहे.

आता तुमच्यासाठी या महिन्याचं काम. घरात जी सर्वांत वयस्कर दादी, नानी किंवा खाला असेल तिच्याजवळ कागद-पेन घेऊन बसा. तीन पिढ्या लिहा. बायकांच्या बाजूही लिहा. आपल्या वंशावळीत त्या नेहमी गळतात. प्रत्येकापुढे वय आणि आजार, कोण कशाने गेलं, कुणाची चाल बिघडली, कुणाला फिट यायची, कोणतं मूल लहानपणीच गेलं. कुणाचं लग्न नात्यात झालं तेही लिहा. कागद तिजोरीत जपा, मोहल्ल्यात फिरवू नका. पण डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. वाडियांनी ज्या कामाने सुरुवात केली, तेच हे काम आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि रस्त्याने, धुऱ्यावरून किंवा मशिदीच्या पायऱ्यांवर कुणी झोकांड्या खाताना दिसलं, तर तोंडाचा वास घेण्याआधी त्याला हात द्या.

मी माझ्या मुलांसाठी कागद लिहायला घेतला आहे. सर्वांत वर नानांचं नाव आहे, त्याखाली मामूंचं. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं: "पस्तिशीत तोल गेला. आजाराचं नाव माहीत नाही. दारू कधी घेतली नाही."